दाविदमामांनी सोडलेली ढोलकी

ढोलकी मी भाजीच्या पिशवीतून नेली. ती पिशवीत पुरती मावत नव्हती म्हणून वरून टॉवेल टाकला होता. मिशन कंपाउंडमधून जाताना भेटेल तो आधी त्या टॉवेलकडे बघायचा आणि मग माझ्याकडे. पोस्टमास्तर भिंगारदिवे तर सायकलवरून खाली उतरले.

"काय सर, कलिंगड का?"

"भोपळा," मी म्हटलं.

ते हसत हसत निघून गेले. त्यांना हसू येणारच, कारण ढोलकी त्यांनीच नगरहून आणून दिली होती.

दाविदमामा दवाखान्याच्या मागच्या एका खोलीत एकटे राहायचे. मिशनच्या बागेत तीस वर्षं माळीकाम करून ते निवृत्त झाले होते, आणि खोली त्यांच्याकडेच राहू द्यावी असं दवाखान्यानं ठरवलं होतं. मी गेलो तेव्हा ते दारात बसून मेथी निवडत होते.

"सलाम, मामा."

"सलाम, सर. या, बसा."

मी आत जाऊन ढोलकी खाटेवर ठेवली आणि टॉवेल काढला. मामा उठून आत आले, त्यांनी ढोलकी पाहिली आणि मेथीचे ओले हात धोतराला पुसले. मला वाटलं, आता उचलतील. त्यांनी हात पाठीमागे नेले.

"ही घरात कशाला आणली?"

"नुसता हात लावून बघा. पानावरची शाई चांगली बसलीय म्हणतात."

"शाई चांगली हाय," ते लांबूनच म्हणाले. "पर म्या हात लावणार न्हाई."

"शपथ घेतली होती का?"

"शपथ न्हाई. दिली व्हती. एकदा दिल्याल्या वस्तूला पुन्यांदा हात लावत न्हाईत, सर."

"कुणाला दिली होती?"

त्यांनी हनुवटी वर केली. छपराकडे नव्हे, त्याच्याही वर.

ही गोष्ट १९८६ सालची. मी तेव्हा सत्तावीस वर्षांचा होतो, मिशन हायस्कुलात इतिहास शिकवायचो आणि जगात मला न कळणारं फारसं काही नाही अशा समजुतीत होतो. या समजुतीला खतपाणी घालायला आमची गुरुवारची बैठक होतीच.

बैठक सुरू केली ती आमचे पाळकसाहेब शमुवेल तोरणे यांनी. ते दोन वर्षं हॉलंडला शिकून आले होते. तिकडून येताना लोक घड्याळं आणतात, ते एक विचार घेऊन आले. त्याचं नाव नवकॅल्व्हिनवाद. हे नाव उच्चारताना पोस्टमास्तरांची कवळी हलायची, म्हणून ते त्याला 'पाळकसाहेबांचं ते' असं म्हणत. विचार मात्र साधा होता. देव काही रविवारी नऊ ते साडेदहापुरता नसतो. शाळा त्याची, पोस्ट त्याचं, दवाखाना, बाजार, शेत, नाटक, गाणं सगळं त्याचंच. माणसाच्या पापानं यातलं पुष्कळसं बिघडलं आहे, पण बिघडलेलं टाकून द्यायचं नसतं, दुरुस्त करायचं असतं. आणि ते पाळकानं एकट्यानं करायचं नाही, सगळ्यांनी मिळून बोलून करायचं.

म्हणून आम्ही बोलायचो. दर गुरुवारी शाळा सुटल्यावर जुन्या बोर्डिंगच्या हॉलमध्ये आम्ही पाच जण गोल बसायचो: पाळकसाहेब, पोस्टमास्तर, दवाखान्याच्या मेट्रन अमोलिक सिस्टर, मी आणि दाविदमामा. मामा खरं तर हॉल झाडून सतरंजी घालायला यायचे. पाळकसाहेब पहिल्याच दिवशी म्हणाले, "सतरंजी घालणारा माणूस सतरंजीवर बसेल." तेव्हापासून ते बसू लागले. नियम दोन होते. प्रत्येकानं आपल्या पाळीला बोलायचं, मधे कुणी तोंड घालायचं नाही. आणि मतदान घ्यायचं नाही. पाचही जणांचं एकमत झालं तरच ठराव लिहायचा. कुणाचं मन वळलं नाही तर त्याच्यावर जोर करायचा नाही. ठराव मी लिहायचो, कारण माझं अक्षर चांगलं होतं आणि भाषा त्याहून चांगली आहे असं मला वाटायचं.

आमच्या हातून कामंही झाली, हे सांगायला हवं. सिस्टरनी बाह्यरुग्णांची रांग बदलली. खेड्यावरून आलेल्या बायांना आता उन्हात उभं राहावं लागत नसे. पोस्टमास्तर शनिवारी दोन तास पोस्टाच्या ओट्यावर बसून, ज्यांना लिहिता येत नाही त्यांची पत्रं लिहून देऊ लागले. मी नववीच्या पोरांकडून गावाचा इतिहास गावातल्याच म्हाताऱ्यांना विचारून लिहून घेतला. मामांची पाळी आली की ते म्हणायचे, "माझं काय न्हाई. प्रभूची विच्छा." म्हणजे एकमत.

मग गाण्याचा विषय निघाला, आणि तो मी काढला.

आमच्या देवळात, म्हणजे चर्चमध्ये, पेटी चालायची, तबला चालायचा, टाळ-मृदंगही चालायचे. ढोलकी नाही. ढोलकी तमाशाची. गावातल्या निम्म्या लोकांच्या आज्या-पणज्या तमाशाच्या फडांशी या ना त्या नात्यानं जोडलेल्या, आणि म्हणूनच की काय, बाप्तिस्मा घेतल्यावर त्या लोकांनी ढोलकीचं नावसुद्धा घरात घेऊ दिलं नव्हतं. मी बैठकीत विचारलं, "ढोलकी देवाची नाही तर कुणाची? सैतानाला कातडं ताणता येतं का?" सिस्टर हसल्या. पाळकसाहेबांचे डोळे चमकले. हॉलंडातून आणलेला विचार पहिल्यांदाच अगदी आमच्या मातीत उतरत होता. कापणीच्या सणाला देवळापुढच्या मैदानात सगळ्या गावासाठी गण-गवळणीच्या चालीवर कार्यक्रम करायचा, आणि त्यात ढोलकी वाजवायची, असं ठरत आलं.

वाजवणार कोण, हा प्रश्नच नव्हता. दाविदमामा हे जिल्ह्यातले एकेकाळचे नावाजलेले ढोलकीवाले होते. जत्रेत फड आलेला असताना टायफॉइडनं मिशन दवाखान्यात पडले, देवाचं वचन ऐकलं, बाप्तिस्मा मागितला. मंडळीच्या पंचांनी अट घातली: ढोलकी टाक. त्यांनी देवळाच्या पायरीवर बसून सुरीनं दोन्ही बाजूंची कातडी पानं फाडली. हे गावात सगळ्यांना माहीत होतं. जुनी माणसं रविवारच्या शाळेत त्याचा दाखला द्यायची. माझ्या आईनं मला पाळण्यात सांगितलं असेल.

शेवटची पाळी मामांची होती. ते म्हणाले, "माझं मत न्हाई."

दीड वर्षात पहिल्यांदा त्यांनी नकार दिला होता. पुढच्या गुरुवारीही तेच. त्याच्या पुढच्याही. पाळकसाहेब म्हणाले, "सोडून देऊ या, सर." पण मी सोडणाऱ्यातला नव्हतो. पटवून देता येतं आणि ते देत नाही, म्हणजे आपण कामचुकार, असं माझं गणित होतं. म्हणून तर ती पिशवी आणि तो टॉवेल.

त्या दिवशी मी त्यांच्या खोलीत दीड तास बोललो. ढोलकी लाकडाची, लाकूड झाडाचं, झाड कुणाचं, इथून सुरुवात केली. ताल देवानं निर्माण केला. तो फडानं बिघडवला असेल, पण मूळचा तो चांगलाच. मामा मेथी निवडत ऐकत होते. शेवटी त्यांनी मला एकच प्रश्न विचारला.

"सर, येक सांगा. ढोलकी वाईट न्हाई म्हणता तुमी. आता वाईट न्हाई, का तवाबी नव्हती?"

मला आनंद झाला. प्रश्न अगदी नेमका होता. माझ्या वर्गात कुणी असा विचारला असता तर मी त्याची पाठ थोपटली असती.

"तेव्हाही नव्हती, मामा. कधीच नव्हती. पंचांचं चुकलं. तुम्हाला सोडायला लावायला नको होतं."

"देवानं मागितली नव्हती म्हणता?"

"नाही. माणसांनी मागितली."

ते निवडून झालेल्या मेथीत पुन्हा बोटं फिरवत राहिले.

"बरं," ते म्हणाले.

मी उड्या मारत घरी आलो. तो 'बरं' कसला होता, हे विचारावंसं मला वाटलं नाही.

गुरुवारी मामांनी आपल्या पाळीला "माझी हरकत न्हाई" म्हटलं आणि ठराव झाला. तो लिहिताना माझी लेखणी जरा जास्तच धावली. 'सन १९५२ मध्ये मंडळीच्या पंचांनी श्री. दाविद यांना ढोलकीचा त्याग करावयास लावला, ही चूक होती, असे ही बैठक एकमताने नमूद करते.' पाळकसाहेबांनी वाचून दाखवलं. ते वाक्य आलं तेव्हा ते क्षणभर थांबले, मामांकडे पाहिलं आणि पुढे वाचत गेले. मामा खाली बघत होते.

कापणीच्या सणाला त्यांनी ढोलकी वाजवली. मी माझ्या आयुष्यात पुष्कळ ढोलकी ऐकली आहे, पण तशी नाही. साठी उलटलेला माणूस, चौतीस वर्षांत ज्यानं वाद्याला बोट लावलेलं नाही, तो ढोलकी कमरेला बांधून उभा राहिला आणि पहिल्याच थापेला मैदान गप्प झालं. सुरुवातीला हात जरा अडखळले. मग अडखळेनात. बाजारपेठेतले लोक आले होते, मुसलमान मोहल्ल्यातले आले होते, वडाच्या पारावर बसणारे म्हातारे आले होते, त्यांतला एक जण रडत होता आणि शेजाऱ्याला सांगत होता, "ह्याला ऐकायला आमी दहा कोस चालत जायचो." पाळकसाहेबांनी माझा हात घट्ट धरला. पोस्टमास्तर मान इतकी डोलवत होते की मला कवळीची काळजी वाटली.

मी मामांच्या तोंडाकडे पाहिलंच नाही. सिस्टरनी पाहिलं. त्या नंतर म्हणाल्या, "सर, त्यांचा चेहरा बरा नव्हता." मी म्हटलं, "दमले असतील."

त्यानंतर तीन रविवार मामा देवळात आले नाहीत. तीन गुरुवार सतरंजी मीच घातली. पाळकसाहेब भेटायला गेले तर म्हणाले, "येतो, जरा इचार करतोय." ढोलकी त्यांनी पाळकसाहेबांच्या हातीच परत पाठवली.

चौथ्या गुरुवारी ते आले. हॉल झाडला, सतरंजी घातली आणि बसले. आम्ही प्रार्थना केली. पहिली पाळी सिस्टरची होती, पण मामा म्हणाले, "आज आधी मला बोलू द्या." नियमाबाहेरचं होतं, पण कुणी हरकत घेतली नाही.

ते जे बोलले ते मी जसंच्या तसं सांगतो. इतक्या वर्षांत त्यातला एक शब्द हललेला नाही.

"म्या ढोलकी फाडली ते समद्यांला ठावं हाय. रविवारच्या शाळंत पोरांला सांगत्यात. पर फडात माझी बायकू गात व्हती, ते कुणाला ठावं न्हाई. गंगू. आन येक पोरगी. तीन वर्सांची. तारी. पंच म्हणाले, त्यांलाबी घिऊन ये, पर फड सोडून. म्या बरा झाल्यावर फडाकडं गेलो. गंगूला सांगितलं. तिला वाटलं, तापानं डोस्कं फिरलं. मंग म्या वचन सांगितलं, तिनं समदं ऐकून घेतलं. म्हणाली, 'तुजा देव घिऊन ये. मला काय अडचण न्हाई. मीबी त्याची गाणी म्हणंन. पर ढोलकी घिऊन ये. तुज्याबिगर मला गाता यायचं न्हाई, आन गायल्याबिगर पोरीला खाऊ काय घालू?' म्या हितं आलो. पंचांला इचारलं, दोन्ही चालंल का? देवबी आन ढोलकीबी. ते म्हणाले, दोन्ही चालायचं न्हाई. म्या पायरीवर बसून पानं फाडली. परत गेलो न्हाई."

माझ्या डोक्यात एकच गोष्ट आली, आणि ती अजून जात नाही. पाळकसाहेब दोन वर्षं परदेशात राहून जे शिकून आले, ते फडातल्या एका अडाणी बाईनं चौतीस वर्षांपूर्वी एका वाक्यात सांगितलं होतं.

"चार वर्सांनी कळलं, गंगू गेली. कशानं, त्ये म्या इचारलं न्हाई. तारी कोणत्या फडात गेली, का आनिक कुठं, त्येबी इचारलं न्हाई. देवाला दिल्यालं, त्याची चौकशी करायची न्हाई, असं मनाला सांगायचो. सकाळी झाडांला पाणी घालताना रोज सांगायचो." त्यांनी घसा साफ केला. "आता तुमी समदे शिकल्याले लोक म्हणता, त्यानं मागितलंच नव्हतं. मंग सर, माझी पोरगी म्या कुणाला दिली?"

प्रश्न मला होता. मी सतरंजीच्या पट्ट्यांकडे पाहत राहिलो.

सिस्टर रडत होत्या. पाळकसाहेब म्हणाले, "मामा, आम्हाला माहीत नव्हतं."

"तुमची काय चूक न्हाई, सायेब. म्या तक्रार करायला न्हाई आलो. येक मागणं हाय." ते माझ्याकडे वळले. "तुमी एकमतानं लिवलं, ती चूक व्हती. आता एकमतानं लिवा, चूक नव्हती. देवानंच मागितलं व्हतं. मला वाचता येत न्हाई, पाळकसायेब वाचून दावतील. पाचजणं मिळून ठरवतात त्ये खरं असतं, असं तुमीच मला शिकवलं."

इथे ही गोष्ट संपायला हवी होती. चार ओळी लिहायच्या होत्या. तेवढ्यासाठी देव माझ्यावर रागावला नसता, आणि रागावला असता तर तो राग मी सुखानं सोसला असता. पण हे आजचं शहाणपण झालं. तेव्हा मी सत्तावीस वर्षांचा होतो.

पाळी फिरली. सिस्टर म्हणाल्या, "लिहा." पोस्टमास्तर म्हणाले, "लिहा, सर, लगेच लिहा." पाळकसाहेबांनी डोळे मिटले, उघडले आणि म्हणाले, "देवाचे मार्ग आपल्याला कळत नाहीत. लिहावं."

माझी पाळी आली. माझं हृदय जोरात धडधडत होतं, ते मला धैर्य वाटलं.

"माझं मत नाही," मी म्हणालो.

"म्हणजे?" पोस्टमास्तर मधेच बोलले.

"देवानं एका बापाकडून त्याची मुलगी मागितली आणि ढोलकी वाईट होती म्हणून मागितली, असं मी लिहू शकत नाही. ते खरं नाही. तसं लिहिलं तर आपण दोन वर्षं जे बोललो ते सगळं खोटं."

"शब्द जरा बदलू या का?" पाळकसाहेब हळूच म्हणाले. "त्या काळी देवानं दाविदमामांना त्या मार्गानं बोलावलं, असं लिहिलं तर?"

"मग देवानं आता मत बदललं असा अर्थ होईल."

"मामांनी जे दिलं ते देवानं स्वीकारलं, असं?"

मी विचार केला. मनापासून केला, हे मी शपथेवर सांगेन. "स्वीकारलं म्हणजे मागितलं असं नाही. आणि मामांना मागितलं असंच हवंय. त्यांना फसवल्यासारखं होईल."

"अहो, लिहा ना काय लिहायचं ते!" पोस्टमास्तरांचा आवाज चढला. "कोण वाचणार आहे ती वही?"

"मी वाचणार आहे."

सिस्टर माझ्याकडे वळल्या. इतक्या शांत बाई, पण त्या दिवशी त्यांनी मला 'सर' म्हटलं नाही. "पाटोळे, तुम्हाला लेकरू नाही म्हणून बोलताय. एका म्हाताऱ्या माणसाला रात्री झोप यावी एवढंच मागणं आहे."

"झोप यावी म्हणून खोटं लिहायचं?"

"तुम्ही काही बोलू नका. नुसती पाळी सोडून द्या," पाळकसाहेब म्हणाले. विनवणीच होती ती. "तटस्थ राहा."

"पाळकसाहेब, नियम तुम्हीच केलाय. पाचही जणांचं एकमत, आणि कुणावर जोर नाही."

ते माझ्याकडे पाहत राहिले. त्यांना जोर करता आला असता. पाळक होते, वयानं वडील होते, दोन चपराका मारल्या असत्या तरी कुणी काही म्हटलं नसतं. पण त्यांनी स्वतःचा नियम पाळला. पुष्कळ वर्षं मी मनात त्यांनाच दोष देत राहिलो, की त्यांनी मला का मोडून काढलं नाही. ते सोपं होतं.

अर्धा तास असंच चाललं. मामांच्या संबंध जन्मावर आम्ही कान्यामात्र्यानिशी वाद घालत होतो, आणि ते मधे बसून प्रत्येकाच्या तोंडाकडे पाहत होते. सिस्टर बोलल्या की त्यांच्याकडे, मी बोललो की माझ्याकडे. त्यांच्या नजरेत राग असता तर बरं झालं असतं. ते लक्ष देऊन ऐकत होते. या चर्चेतून खरं काय ते निघेल, असा त्यांचा विश्वास होता.

शेवटी त्यांनीच हात वर केला.

"सरांचं बरूबर हाय," ते म्हणाले. "कुणाच्या मनात न्हाई तर कसं लिवायचं? राहू द्या."

"मामा..." सिस्टर म्हणाल्या.

"राहू द्या, बाई. सरांनी खरं सांगितलं."

ते उठले, दारात चपला घातल्या आणि गेले. त्या संध्याकाळी घरी जाताना मला स्वतःचा अभिमान वाटला. हे मी लपवत नाही. चार जणांच्या विरुद्ध एकटा सत्याच्या बाजूनं उभा राहिलो, असं मी वाटेभर मनाशी म्हणत होतो. देवानं एखाद्या माणसाकडून काय मागितलं आणि काय नाही, हे हायस्कुलातल्या इतिहासाच्या मास्तरला कुठून कळणार? पण मला ते कळतं असं वाटत होतं, आणि ते मी एका निरक्षर माणसाला पटवूनही दिलं होतं.

बैठक पुढे चार-पाच महिने कशीबशी चालली. मग पाळकसाहेबांची बदली झाली आणि ती बंद पडली. माझं लग्न झालं, मुलगी झाली. ती तीन वर्षांची झाली त्या वर्षी मी शाळेतून रजा काढली आणि दोन जत्रांतल्या सात-आठ फडांत जाऊन तारी नावाच्या बाईची चौकशी करून आलो. कुणालाच काही सांगता आलं नाही. एका फडमालकिणीनं विचारलं, "तुमी कोण तिचे?"

ढोलकी मात्र राहिली. पुढच्या पाळकांनी ती देवळात आणली. कंपाउंडमधली तरुण मंडळी शिकली, आता दर सणाला वाजते, आणि आसपासच्या गावांतून लोक ऐकायला येतात. ज्याला आम्ही संस्कृतीची दुरुस्ती म्हणत होतो, ती झाली. अगदी ठरवल्याप्रमाणे झाली. वाजायला लागली की मी उठून बाहेर जातो. लोकांना वाटतं, सरांना आवाज सहन होत नाही.

मामा त्या गुरुवारनंतर सहा वर्षं जगले. निवृत्तीनंतरही सकाळी बागेत पाणी घालायला जायचे, ते पुन्हा कधी गेले नाहीत. देवळात मात्र काही महिन्यांनी यायला लागले, शेवटच्या बाकावर बसायचे. भेटले की "सलाम, सर" म्हणायचे, मुलीची खुशाली विचारायचे. मी त्यांना टाळायचो, आणि मी टाळतो हे त्यांना समजू न देण्याची काळजी तेच घ्यायचे.

एका महिन्याच्या पहिल्या रविवारी मला पोचायला उशीर झाला. जागा फक्त शेवटच्या बाकावर, त्यांच्या शेजारी होती. प्रभुभोजनाचा दिवस होता, ख्रिस्तानं आपल्यासाठी देह दिला त्याची आठवण म्हणून भाकर खाण्याचा. भाकरीच्या तुकड्यांचं ताट बाकाबाकांतून हातोहात फिरत मागे आलं. मामांच्या हातात आलं. त्यांनी ते दोन्ही हातांनी धरलं, तुकड्यांकडे पाहिलं आणि काही न घेता माझ्यापुढे केलं. त्यांच्या पलीकडच्या माणसाला यात काही नवल वाटलेलं दिसलं नाही. म्हणजे हे दर महिन्याला होत होतं.

"मामा, घ्या ना," मी कुजबुजलो.

त्यांनी मान हलवली. "मला कळत न्हाई, सर, ह्ये मला हाय का न्हाई त्ये," ते म्हणाले. आवाजात काही तक्रार नव्हती. "तुमी घ्या. तुमाला कळतं."

ताट माझ्या हातात होतं. मंडळी वाट पाहत होती. मी तुकडा उचलला आणि खाल्ला.